खोली मिळाली, पण कागद कुठे आहे?

मुंबईत पोटापुरती भाकरी मिळते, पण पाठ टेकायला जागा मिळत नाही, हे आपण आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो. गावाकडून पोट भरायला आलेल्या आपल्या माणसांनी गिरणीत, गोदीत, रेल्वेत, महापालिकेत कष्ट केले. कोणी चाळीत राहिले, कोणी नाल्याकाठी झोपडी बांधली, कोणाला खात्याची खोली मिळाली. आज त्यांची मुले-नातवंडे नोकरी-शिक्षणासाठी भाड्याचे घर शोधत आहेत. अनेकांच्या घराण्यात भाडेकरार करणारी ही पहिलीच पिढी आहे. आणि नेमकी हीच पिढी फसवणाऱ्यांच्या जाळ्यात सापडत आहे.

एका रविवारी वंदना झाल्यावर आमच्या विहारात एक वयस्क दांपत्य मागे थांबले. काका महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षे ते खात्याच्या वसाहतीत राहिले. मुलांचे पाळणे तिथेच हलले, लग्ने तिथूनच झाली. परंतु निवृत्ती आली की पगार थांबतो आणि खोलीही सोडावी लागते. साठीला पोहोचलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भाड्याचे घर शोधायला बाहेर पडला.

काका-काकूंनी सात खोल्या पाहिल्या. कुठे पूर्ण नाव विचारले, कुठे गाव विचारले, कुठे मटण-मच्छी खाता का म्हणून विचारले. एका ठिकाणी तर भाडे ठरले, डिपॉझिट ठरले, दुसऱ्या दिवशी किल्ली मिळणार होती. संध्याकाळी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. ती दिली आणि रात्री फोन आला, "जागा नातेवाइकाला दिली."

आठव्या ठिकाणी एक एजंट भेटला. त्याने हात जोडून 'जयभीम' केला. त्याच्या गाळ्यात बाबासाहेबांची तसबीर होती. "काका, आपल्या माणसाला जागा मिळवून देणे हे माझे कामच आहे," असे तो म्हणाला. कल्याणच्या पुढे एका इमारतीत वन रूम किचन दाखवले. ४ लाख रुपये हेवी डिपॉझिट, महिन्याचे भाडे नाही, ११ महिन्यांनी सगळी रक्कम परत. ५०० रुपयांच्या बाँड पेपरवर नोटरीचा शिक्का मारून दिला. त्यावर डिपॉझिट ५० हजार लिहिले होते. उरलेले साडेतीन लाख रोख. "सगळे कागदावर दाखवले तर सरकारला फुकट पैसे भरावे लागतील," असे त्याने समजावले. काकांनी ग्रॅच्युइटीतून आलेली रक्कम मोजून दिली.

सहाव्या महिन्यात एक अनोळखी गृहस्थ दारात उभे राहिले. खोलीचे खरे मालक तेच होते. त्यांनी ती त्या एजंटला महिना ७ हजार रुपये भाड्याने दिली होती. चार महिने त्याने भाडे पोहोचवले, मग बंद केले. "तुम्ही कोण?" असे त्यांनी काकांना विचारले. काका धावत गाळ्यावर गेले. गाळ्याला कुलूप होते आणि बाहेर त्यांच्यासारखीच आणखी काही कुटुंबे उभी होती.

हे सारे सांगताना काका खाली मान घालून बसले होते. काकू मात्र एक वाक्य बोलल्या, ते आमच्या मनातून जात नाही. त्या म्हणाल्या, "सात जणांनी नाही म्हटले होते. आठव्याने हो म्हटले. मग त्याच्याकडे कागद कसा मागायचा?"

बंधू-भगिनींनो, या लेखाचे मूळ काकूंच्या या एका प्रश्नात आहे. जागा नाकारली जाण्याचे दुःख आपल्या समाजाला जसे माहीत आहे तसे फार थोड्यांना माहीत असेल. म्हणूनच कोणी 'हो' म्हटले की आपण ओशाळतो, घाई करतो, उपकार झाल्यासारखे वागतो. ठग आपल्या या घाईवरच जगतो. त्याला आपले दुःख चांगले ठाऊक असते.

बाबासाहेबही भाडेकरू होते

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आयुष्याचा मोठा भाग भाड्याच्या जागेत गेला. परळच्या बी.आय.टी. चाळीतील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत ते वीसहून अधिक वर्षे राहिले. लंडनमध्ये १९२१-२२ साली ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात भाडेकरू म्हणून राहत होते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तेथे आता स्मारक आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे 'राजगृह' उभे राहायला १९३० चे दशक उजाडावे लागले.

बडोद्याचा प्रसंग तर आपल्या मुलाबाळांनाही पाठ आहे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोदे संस्थानाच्या नोकरीत असताना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव सांगून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक आले आणि त्यांनी जागा सोडण्याचा हुकूम केला. हिंदू मित्र आणि ख्रिस्ती मित्र, दोघांनीही काही ना काही कारण सांगून घरी ठेवून घ्यायचे टाळले. तेव्हा त्यांना बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहावी लागली. हे सारे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे.

या प्रसंगातून भाडेकरूने घ्यायचा एक व्यवहारी धडाही आहे. नाव लपवून मिळालेली जागा टिकत नाही. आज तर भाडेकराराची नोंदणी आधार कार्ड आणि अंगठ्याच्या ठशावर होते. आडनाव तिथे उघड होणारच. मग पहिल्या भेटीतच पूर्ण नाव सांगावे. जो नाकारायचा तो त्याच दिवशी नाकारील आणि आपले टोकनचे पैसे तरी वाचतील.

आधी मालक कोण ते पाहा

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा कोणा मोठ्याच्या शब्दावर विसंबून राहू नका; स्वतः पारखा. हा उपदेश खोली घेतानाही लागू करावा. समोरचा माणूस जयभीम करतो की नमस्कार, यावरून तो त्या खोलीचा मालक ठरत नाही.

मालकी पाहण्यासाठी चार कागद मागावेत. पहिला, अलीकडचे लाइट बिल. दुसरा, सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती. तिसरा, घरपट्टीची पावती. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, खरेदीखताचा 'इंडेक्स टू'. यात जागा कोणी कोणाकडून घेतली हे लिहिलेले असते. शासनाच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. घरात कॉलेजात जाणारा मुलगा-मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे द्यावे. चारही कागदांवर एकच नाव असेल आणि तेच नाव समोरच्या माणसाच्या आधार कार्डावर असेल तर पुढचे बोलावे.

त्यानंतर सोसायटीच्या सेक्रेटरीला एकदा भेटावे. ही खोली कोणाची, आता तिथे कोण राहते, मेंटेनन्स थकला आहे का, हे तिघा-चौघांसमोर विचारावे. काकांनी त्या इमारतीच्या सेक्रेटरीला पाच मिनिटे गाठले असते तर एजंटची लबाडी त्याच दिवशी उघडी पडली असती.

"मालक परगावी आहे, सगळे मीच बघतो," असे कोणी म्हटले तर त्याच्याकडे मालकाने दिलेले कुलमुखत्यारपत्र पाहावे. मालकाशी स्वतः फोनवर बोलावे आणि पैसे मालकाच्याच खात्यात भरावेत. खोली दुसऱ्याकडून भाड्याने घेऊन ती पुढे आपल्याला देणारा माणूस मालक नसतो. त्याच्याकडून घेतलेल्या जागेत आपण पोटभाडेकरू ठरतो आणि मालकाने हरकत घेतली की उघड्यावर पडतो.

आणखी एक गोष्ट विचारावी: या घरावर बँकेचे कर्ज आहे का? मालकाने हप्ते थकवले तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा घेऊ शकते. दाराला नोटीस चिकटते तेव्हा आत राहणारा भाडेकरू मधल्या मधे भरडला जातो.

मोबाइलवरची जाहिरात

आता खोल्या मोबाइलवरही शोधल्या जातात. फोटोत चकचकीत घर, भाडे बाजारापेक्षा निम्मे. फोन केला की समोरचा सांगतो, "मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, घर चांगल्या कुटुंबाला द्यायचे आहे." ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग घर पाहण्यासाठी 'गेट पास'चे किंवा टोकनचे दोन-पाच हजार मागतो. कधी म्हणतो, "मी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुम्हालाच परत येतील."

घरातील प्रत्येक तरुणाने हे लक्षात ठेवावे की पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले. ज्या घराच्या आत आपण पाऊल टाकले नाही, नळ सोडून पाहिला नाही, शेजाऱ्याशी बोललो नाही, त्या घरासाठी एक रुपयाही द्यायचा नाही.

हेवी डिपॉझिटचा मोह

हेवी डिपॉझिट ही कष्टकरी माणसाला फार गोड वाटणारी गोष्ट आहे. दर महिन्याचे भाडे नाही, पैसे शेवटी परत मिळणार, म्हणजे घर जणू फुकट! पण थोडा विचार करावा. मालक आपले चार लाख घेऊन कपाटात ठेवत नाही. तो ते धंद्यात घालतो, कर्ज फेडतो, मुलीचे लग्न करतो. ११ महिन्यांनी आपले पैसे परत करायला तो पुढच्या भाडेकरूची वाट पाहतो. मालक प्रामाणिक असला तरी पैसे अडकू शकतात. तो प्रामाणिक नसला तर एकच खोली दोघा-तिघांना दाखवून प्रत्येकाकडून रक्कम उचलतो.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आणि त्यातील एक भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवायला सांगितला. ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड हा आपल्या कष्टकरी माणसाचा तोच राखीव भाग असतो. तो सगळाच्या सगळा एका अनोळखी माणसाच्या हाती देणे म्हणजे घरातल्या आजारपणाचे, मुलीच्या शिक्षणाचे पैसे पणाला लावणे आहे. शक्य असेल तर थोडे डिपॉझिट आणि दर महिन्याचे भाडे हाच मार्ग धरावा. केंद्राने २०२१ साली तयार केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याएवढेच डिपॉझिट सुचवले आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण रास्त डिपॉझिट किती असावे याचा अंदाज त्यावरून येतो.

हेवी डिपॉझिट द्यावेच लागले तर संपूर्ण रक्कम करारात लिहिलेली हवी आणि ती बँकेतूनच गेलेली हवी. "सगळे दाखवले तर सरकारला पैसे भरावे लागतील" या भूलथापेचा हिशेबच आम्ही मांडून दाखवतो. अशा करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. परत मिळणाऱ्या डिपॉझिटची पूर्ण रक्कम त्यासाठी धरत नाहीत; त्यावर दरसाल १० टक्के दराने जे व्याज होईल तेवढेच धरतात. ४ लाखांवर ११ महिन्यांचे व्याज सुमारे ३६,६६७ रुपये. त्याचा पाव टक्का म्हणजे सुमारे ९२ रुपये! शंभर रुपयांच्या घरातला हा खर्च वाचवण्यासाठी काकांचे साडेतीन लाख कागदाबाहेर राहिले.

अकरा महिन्यांचा गैरसमज

"करार ११ महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही," हे वाक्य एजंट लोक अगदी आत्मविश्वासाने सांगतात. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, या जुन्या नियमावरून ११ महिन्यांची प्रथा पडली. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि तो नोंदवलेलाही हवा. मुदत ११ महिने असो की ३ वर्षे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. त्याने ती टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नोटरीचा लाल शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे ज्याने त्याने गाठीला बांधून ठेवावे. नोंदणी शुल्क शहरी भागात १ हजार आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. आता ही नोंदणी ऑनलाइन होते. माणूस ठसे घेण्याचे यंत्र घेऊन घरीही येतो. त्याची मजुरी वेगळी असते. खर्च कोणी करायचा हे आधी ठरवून घ्यावे. नोंदणी क्रमांक असलेली प्रत हाती आल्याशिवाय डिपॉझिटची पूर्ण रक्कम देऊ नये आणि दलालीही देऊ नये.

याच कायद्याच्या कलम २४ मधील दोन गोष्टी आपल्या लोकांना सहसा कोणी सांगत नाही. लेखी करारात जे लिहिले आहे तोच त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे एजंट तोंडाने काय बोलला होता याला किंमत उरत नाही. दुसरी गोष्ट अशी की मुदत संपूनही जागा सोडली नाही तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून मुदत संपण्याच्या दोन महिने आधीच मालकाशी बोलावे आणि राहायचे असेल तर नवा करार नोंदवून घ्यावा.

सही करण्यापूर्वी काय वाचावे

करार इंग्रजीत असला की आपली माणसे शेवटचे पान उघडून सही करतात. तसे करू नये. करार मराठीत मागावा. मराठीतला करारही तितकाच कायदेशीर असतो. ते जमत नसेल तर मसुदा एक दिवस घरी आणावा, शिकलेल्या मुलाकडून किंवा ओळखीच्या वकिलाकडून वाचून घ्यावा. एक दिवस थांबायला जो तयार नाही, त्याच्यावर संशय घ्यायला हरकत नाही.

वाचताना या जागी बोट ठेवावे. मालकाचे नाव, खोलीचा क्रमांक, मजला आणि पत्ता बरोबर आहे का? भाडे किती, कोणत्या तारखेला, आणि पुढच्या वर्षी वाढणार असेल तर किती? डिपॉझिट किती आणि खोली सोडल्यावर किती दिवसांत परत? 'लॉक-इन' म्हणजे सोडता न येणारा काळ किती? सहा महिन्यांचा लॉक-इन असेल आणि तिसऱ्या महिन्यात नोकरी सुटून गावी जावे लागले, तर उरलेल्या महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून कापले जाऊ शकते. सोडताना नोटीस किती दिवसांची? तितकीच नोटीस मालकावरही बंधनकारक आहे का? रंगकामाचे पैसे कापणार का? नळ, वायरिंग, गळती यांची दुरुस्ती कोणाकडे? मेंटेनन्स भाड्यातच आहे की वेगळा? आधीचे लाइट बिल थकलेले असेल तर ते कोण भरणार?

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवली जाते की नाही, हेही पाहावे. मुंबईसारख्या शहरात पोलिसांचे तसे आदेश असतात आणि हे काम मालकाने करायचे असते. जो मालक पोलिसांना कळवायला का-कू करतो, त्याच्या मालकीतच काही खोट असण्याची शक्यता असते.

झोपडपट्टीतील खोली

आपली बरीच कुटुंबे अशा वस्तीत भाड्याने राहतात जिथे इंडेक्स टू नसतो, सोसायटी नसते. तिथे कागद नाही म्हणून विचारपूसच करायची नाही, असे होऊ नये. फोटोपास, लाइट बिल, रेशन कार्ड कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. वस्तीतील चार जुन्या रहिवाशांना विचारावे. पुनर्वसन योजनेत मिळालेली घरे ठरावीक वर्षे विकण्यावर आणि भाड्याने देण्यावर निर्बंध असतात. अशा घरात राहणाऱ्याला तपासणीत बाहेर काढले जाऊ शकते. असल्या जागेत हेवी डिपॉझिट कधीच देऊ नये. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम, तीही साक्षीदारांसमोर आणि पावती घेऊन, एवढ्यावरच थांबावे.

खोलीत जाताना, खोली सोडताना

सामान आत नेण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावेत. मीटरचे आकडे, भिंतीवरची ओल, फुटलेली लादी, गळका नळ, पंखे-दिवे किती आहेत, सगळे. ते फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवावेत. भाडे बँकेतून द्यावे. रोख द्यावे लागले तर दर महिन्याला पावती घ्यावी. पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, आपण मागितली म्हणून उपकार होत नाही.

सोडताना नोटीस लेखी द्यावी. शेवटचे लाइट बिल भरून पावती ठेवावी. मालकासमोर खोली दाखवावी आणि एका हाताने किल्ली द्यावी, दुसऱ्या हाताने डिपॉझिट घ्यावे. "किल्ली देऊन जा, पैसे पुढच्या आठवड्यात पाठवतो," यावर विसंबून अनेकांनी महिनोन्‌महिने खेटे घातले आहेत.

जातीमुळे नाकारले तर

जागा नाकारणाऱ्यांचे तोंडी कारण नेहमी दुसरेच असते, हे आपण जाणतो. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात घरांच्या जाहिरातींना फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन याची पाहणी केली. त्यांचा लेख २०१५ साली प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना घर नाकारले जाते, किंवा दिले तर जास्त भाडे वा जाचक अटी लावून दिले जाते, हे त्यातून पुढे आले.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार कोणत्याही वस्तीत राहण्याचे घर बांधणे, मिळवणे किंवा त्यात राहणे यात अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा आणणे हा गुन्हा आहे. पुरावा गोळा करणे अवघड असते, हे खरे. म्हणून मालकाचे वा एजंटचे संदेश पुसून टाकू नयेत, तारीख-वार लिहून ठेवावा, भेटीला जाताना बरोबर एक साक्षीदार न्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाकारले गेल्याचा अपमान पुढच्या घराच्या दारात घेऊन जाऊ नये. तिथे आपण भाडे देणारे ग्राहक म्हणून उभे असतो. मालक घर देतो, आपण पैसे देतो. यात उपकार कोणी कोणावर करत नाही.

फसवणूक झालीच तर

लाजेने घरात बसू नये. पैसे मोबाइलवरून गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवू तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. इतर फसवणुकीत पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि आपल्यासारखेच फसलेले जे असतील त्यांना बरोबर घेऊन जावे. एकट्याला "हा दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवतात. दहा कुटुंबे उभी राहिली की तक्रार ऐकून घ्यावी लागते.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे किंवा १५१०० वर फोन करावा. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाच्या छायेत मिळालेला हा हक्क आपण वापरलाच पाहिजे.

आपणच घरमालक असलो तर

आज आपल्यातीलही काही कुटुंबे दुसरी खोली राखून आहेत, भाड्याने देत आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पण पंचशील म्हणताना न दिलेले घेणार नाही, खोटे बोलणार नाही असे आपणही म्हणतो. तेव्हा भाडेकरूचे डिपॉझिट म्हणजे आपल्याकडे ठेवलेली त्याची ठेव आहे, हे विसरू नये. करार नोंदवावा, पावती द्यावी, सोडताना पैसे रोखून धरू नयेत. आणि ओठांवर जयभीम ठेवून आपल्याच माणसाला बुडवणाऱ्याला समाजात तोंड वर काढू देऊ नये. काकांना फसवणाऱ्याने बाबासाहेबांच्या तसबिरीचा आसरा घेतला, याचे दुःख आम्हाला पैशांच्या दुःखाहून जास्त आहे.

विहारातून एवढे व्हावे

प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर 'कागद वाचन' ठेवावे, अशी आमची सूचना आहे. ज्याला करार करायचा आहे त्याने मसुदा आणावा. शिकलेल्या तरुण-तरुणींनी तो मोठ्याने वाचून अर्थ सांगावा. कोणी नोकरीनिमित्त नव्या शहरात जात असेल तर तेथील विहाराशी ओळख करून द्यावी. महिला मंडळाने चांगल्या घरमालकांची आणि फसव्या एजंटांची माहिती एकमेकींना सांगावी. याला पैसा लागत नाही. संघटित व्हा, या आदेशाचा हा रोजच्या जगण्यातला अर्थ आहे.

काका-काकूंची तक्रार नोंदली गेली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. काही महिने ते मुलीच्या घरी राहिले. मग एक लहानशी खोली मिळाली. या वेळी काकूंनी मालकाला दारातच पूर्ण नाव सांगितले आणि लाइट बिल मागितले. मालक जरा हसले, पण आत जाऊन फाइल घेऊन आले. विहारातल्या एका मुलीने ती वाचली. करार नोंदवून झाला. किल्ली हातात आल्यावर काकांनी बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची तसबीर लावायला खिळा मागितला. काकू म्हणाल्या, "आधी तो कागद पिशवीत नीट ठेवा. मग ठोका खिळा."

तुमच्या घरात कोणी पहिल्यांदा खोली घ्यायला निघाले असेल तर त्याला काकूंचे हे वाक्य सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!